टाकीमागची पिल्लं

बारक्या,

मी कामावर निघाले. तू झोपलायस, म्हणजे तसं दाखवतोयस, म्हणून लिहून ठेवते.

टाकीमागच्या मांजरीच्या पिल्लांसाठी महिनाभर मी रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसते आहे. नजरेला नजर देत नाही, हात पुढे करत नाही, खोकलासुद्धा गिळते. तरी मेली मिशीही बाहेर काढत नाहीत. काल माझी सुट्टी होती. तू कामाला म्हणून मागच्या दाराने निघालास, खिशातला किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि तिन्ही पिल्लं शेपट्या वर करून थेट तुझ्या बुटांवर. तू 'हाड' म्हणालास खरा, पण त्याआधी माझ्याकडे बघितलंस. आणि हाड केल्यावर कुठलं पिल्लू पायात लोळण घेतं रे?

भटकं पिल्लू एका दिवसात असं अंगावर येत नाही. दुपारच्या दुपार कुणीतरी त्याच्याजवळ बसावं लागतं. तू तर म्हणतोस, दुपारी मी कारखान्यात असतो. मी काही दूधखुळी नाही. काल तुझ्या कारखान्यात फोन लावायला घेतला होता, मग ठेवून दिला. आईला अजून काही बोललेले नाही.

आज तुझा डबा भरलेला नाही. ताट वाढून ओट्यावर झाकून ठेवलंय, दुपारी घरीच जेव. त्यातली मासळी तुझी आहे. पिल्लांची वेगळी काढली आहे.

ताई