कशात काय मिसळायचं नाही

आई,

कॅल्क्युलेटरवर टाइप करायचा तुला मनापासून वैताग होता. एक अक्षर उमटवायला दोन बटणं दाबायची, आणि अक्षरं सगळी कॅपिटलच. "अगं, कोबाल्ट आणि कार्बन मोनॉक्साइड तुझ्या या डबीत सारखेच दिसतात, दोन्ही CO! एक धातू आहे आणि दुसऱ्यानं माणूस मरतो," असं तू प्लेनो शहरातल्या त्या अपार्टमेंटच्या किचनमध्ये कणीक मळता मळता म्हणाली होतीस. मी दहावीत होते. शाळेत सगळ्यांकडेच ग्राफिंग कॅल्क्युलेटर असायचे, आणि गणिताच्या तासाला कंटाळून मी त्यात प्रोग्रॅम लिहायला शिकले होते. मग केमिस्ट्रीचा एक लिहायला घेतला. मूलद्रव्याचा नंबर दिला की नाव आणि अणुभार, फॉर्म्युला दिला की मोलर मास. आकडे तू सांगायचीस, पुस्तक न उघडता. नागपूरच्या कॉलेजात इतकी वर्षं शिकवलंस, आणि इथे बाबांच्या व्हिसावर आल्यामुळे तुला नोकरीच करता येत नव्हती. माझ्या मागे उभी राहून, पिठाचे हात लांब धरून तू स्क्रीनकडे बघायचीस तेव्हा तुझा आवाज बदलायचा. तो वर्गातला आवाज होता, हे मला फार नंतर कळलं.

शेवटचं पान तुझं. "महत्त्वाचं राहिलंच की. कशात काय मिसळायचं नाही, तेही टाक." मी कुरकुरले, "आई, हे टेस्टमध्ये कोणी विचारत नाही." "नसतील विचारत," एवढंच म्हणालीस आणि सांगायला लागलीस. ब्लीच आणि अमोनिया. नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन. अशा बऱ्याच जोड्या झाल्या. वर मी मथळा दिला, 'कधीही मिसळू नका' अशा अर्थाचा. पण ती इवलीशी स्क्रीन. शेवटची जोडी येईपर्यंत मथळा वर सरकून दिसेनासा व्हायचा आणि खाली नुसत्या जोड्या उरायच्या. तेव्हा त्यात आपल्या दोघींनाही काही वावगं दिसलं नाही.

दिवसच भीतीचे होते. न्यूयॉर्कचे टॉवर पडून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. ग्रोसरीच्या दुकानात आपण मराठीत हळू बोलायला लागलो होतो. बाबांच्या ऑफिसात लोकांना काढणं चालू होतं, आणि आपल्या ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच कंपनीच्या हातात होता. दारावर टकटक झाली की तू आधी टीव्हीचा आवाज बंद करायचीस.

आणि एक दिवस केमिस्ट्रीच्या बाई रजेवर होत्या. बदली आलेल्या सरांनी टेस्टच्या आधी सगळ्यांचे कॅल्क्युलेटर तपासले, आणि माझा प्रोग्रॅम चालवून बघताना त्यांचा हात थांबला. स्क्रीनवर नुसत्या जोड्या, बॉम्बची कृती असावी तशा.  कॅल्क्युलेटर घेऊन ते बाहेर गेले आणि परत आले ते शाळेत नेमलेल्या पोलिसाला घेऊन. वर्गातली सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मला ऑफिसात बसवून ठेवलं आणि आपल्या घरी फोन गेला: पालकांनी उद्या सकाळी भेटायला यावं.

त्या संध्याकाळी बाबा सोफ्यावर बसलेच नाहीत. "तू जाऊ नकोस, मी जातो," ते तुला म्हणाले. "आणि ते पान तू सांगितलंस हे कोणाला बोलायचं नाही. पोरीनं इंटरनेटवरून काहीतरी उतरवलं म्हणू. तुझं नाव एकदा रेकॉर्डवर आलं ना, तर सगळे जाऊ परत."

"आणि हिचं नाव आलं तर?"

"ती लहान आहे. तिला सोडतील."

"कोणी सांगितलं तुम्हाला सोडतील म्हणून?" तू विचारलंस.  बाबा वाईट नव्हते गं. इतके घाबरलेले मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि बाबाच घाबरलेत म्हणजे खरंच काहीतरी होणार, हे मला तेव्हाच पक्कं वाटलं.

सकाळ. बाबांचं न ऐकता तू स्वतःच निघायचं ठरवतेस, निळा सलवार-कमीज काढून ठेवतेस आणि बाबांच्या ऑफिस-पार्टीसाठी घेतलेली पँट घालतेस. टिकली लावतेस, आरशात बघतेस, काढून टाकतेस. व्हाइस प्रिन्सिपल बाईंच्या टेबलावर माझा कॅल्क्युलेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला आहे. भिंतीला टेकून तो पोलीस उभा. बाई मला विचारतात, "हे तुला कुठे मिळालं?" 

"हे मी लिहिलं," तू म्हणतेस. इतकी वर्षं इंग्लिशमधून शिकवलेली तू, पण त्या खोलीत शब्द तुला एकेक करून शोधावे लागतात. "ही फक्त टाइप करते. लिहिलं मी."

"एखादी आई मुलीला हे का शिकवेल?"

 तू सांगायला लागतेस. तुझ्या लॅबमध्ये एका मुलीनं उरलेलं नायट्रिक ॲसिड टाकाऊ ॲसिटोनच्या बाटलीत ओतलं आणि वर झाकण घट्ट लावलं. जागा आवरावी, एवढंच तिच्या मनात होतं. बाटली तिच्या तोंडासमोर फुटली. दोन्ही डोळे गेले. "मी लॅबमध्ये नव्हते," तू म्हणालीस. "ऑफिसात सही करायला गेले होते. तेव्हापासून मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. आधी हे, मग बाकी सगळं." मी तुझ्याकडे बघत राहिले. ही मुलगी आपल्या घरात कधी आलीच नव्हती. तू मला तिच्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हतास.

मग तू मराठीत म्हणालीस, "बेटा, पहिल्यापासून लाव." पिशवीतून कॅल्क्युलेटर काढून मी प्रोग्रॅम सुरू केला. माझं बोट दोनदा चुकलं. मथळा आला आणि सरकून गेला. पोलीस पुढे वाकला. "पुन्हा." मी पुन्हा लावला. "पुन्हा." तिसऱ्यांदा त्यानं तो मोठ्यानं वाचला आणि बाईंकडे बघितलं. बाईंनी सुस्कारा सोडला. कॅल्क्युलेटरची मेमरी पुसून तो मला परत द्यायचा, असं ठरलं. पण जाण्याआधी पोलिसानं तुझं नाव विचारलं, एकेक अक्षर लिहून घेतलं, आणि बाबा कुठे काम करतात तेही.

त्या लिहून घेतलेल्या नावाच्या धास्तीत आपण पाच वर्षं काढली. इमिग्रेशनचं पाकीट आलं की बाबा ते आधी उजेडासमोर धरायचे. त्या नावाचं कधीच काही झालं नाही. ग्रीन कार्डं आली, तुला शहराच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि तू आजारी पडेपर्यंत तिथे खुशीत होतीस. पण मला जे विसरता येत नाही ते त्याच आठवड्यातलं. बाबा म्हणाले होते, आता त्या यंत्राला हात लावायचा नाही. ते घरी नसताना तू माझ्यासमोर कॅल्क्युलेटर ठेवलास आणि म्हणालीस, "परत लिही. या वेळी प्रत्येक जोडीच्या आधी 'नको' टाक." या वेळीही तुझा एकही आकडा चुकला नाही. पुढे शाळेतली कितीतरी मुलं दोन कॅल्क्युलेटरना केबल लावून तो प्रोग्रॅम माझ्याकडून घेऊन गेली. आज मी स्वतः औषधांच्या लॅबमध्ये काम करते. नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी मीही तेच शिकवते.

एक सांगायचं राहिलंय. त्या सकाळी ऑफिसातून बाहेर पडून आपण पार्किंगमध्ये आलो. गाडीत बसल्यावर तुला किल्ली लावता येईना. मग ती मांडीवर ठेवून तू मला विचारलंस, "घाबरलीस का गं?" मी म्हटलं, "नाही." तू थोडंसं हसलीस. "बरं झालं. मग मी एकटीच घाबरले."

तू एकटी नव्हतीस, आई. मी पूर्ण वेळ दप्तर मांडीवर दाबून धरलं होतं, कारण माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते, आणि तो आवाज तुला ऐकू जाईल असं मला वाटत होतं.