पहिला पत्ता अप्पांचा

२९ जुलै
पापनाशमहून अत्याचा, अप्पांच्या बहिणीचा फोन. आवाजांची नवी पेटी लावली, दिवा हिरवा, आत मात्र काही नाही. "तुझ्या अप्पाचा आवाज येइना गे. मी काय दाबू, ते तरी सांग." काही दाबू नको, बघते म्हटलं. बघितलं नाही.
कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं कोण जाणे.

३० जुलै
बघितलं. अत्याच्या पेटीला काही झालेलं नाही.
अप्पांनी आयुष्यभर नातेवाइकांची बोलणी टेप केली. त्यांची एकेक प्रत प्रत्येक घरच्या पेटीत, म्हणजे छोट्या संगणकात; पेट्या इंटरनेटवरून आपापसात देवघेव करतात. मध्ये कुठली कंपनी नाही. नव्या पेटीला कुणाचाच पत्ता माहीत नसतो, म्हणून ती आधी डीएनएसला, इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीला विचारते, कोण कोण आहे? माझा सर्व्हर एकच पत्ता देतो, इथला, अप्पांच्या पेटीचा. बाकीच्यांचे पत्ते ती पेटी सांगायची. अप्पांची अटच होती. लग्नाचं पहिलं आमंत्रण थोरल्या घरी, तर हेही तसंच. मी हसत करून दिलं होतं.
अप्पा गेले त्याच आठवड्यात व्होल्टेज वाढून पेटी जळाली. पत्ता तसाच आहे. नवी पेटी येते, वाट बघते, जाते.

१ ऑगस्ट
बेंगळूरच्या चुलतभावाकडे वीज गेली. परत आली तर त्याची पेटी सगळ्यांना विसरलेली. आता तोही बाहेर. असंच एकेक घर गळणार.
पत्ता बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. फाइल उघडली, अप्पांच्या ओळीवर कर्सर ठेवून बसले. कॉफी निवली. फाइल बंद केली.
रडू नाही. अजून एकदाही नाही. लोक बघत असतात, येतं का म्हणून.

३ ऑगस्ट
आडी पदिनेट्टु, नदीला पूर येतो त्याचा सण. कालवे भरलेत. शेजारचे चित्रान्नाचे डबे घेऊन तिरुवैयारुला, नदीवर गेले. आम्हाला यंदा सण नाही.
चेन्नईहून भावाचा, अण्णाचा फोन. पहिला पत्ता बंद पडल्याचं कुणीतरी त्याला सांगितलंय. "अता अमचं घर पहिलं. मुलगा मी अहे. अमचा पत्ता घाल." मी म्हटलं, आता सगळ्यांत थोरली अत्या. त्यावर तो म्हणाला, अत्या लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, ती कशी येईल यात. मी हं म्हटलं. हल्ली सगळ्यालाच हं म्हणते.
मराठी सगळे बोलतात, पण घरात माझ्याशिवाय कुणाला ही देवनागरी लिपी येत नाही, म्हणून लिहिते. त्याच्या पेटीत सगळे आवाज आहेत आणि त्याने एकही ऐकलेला नाही. राग यायला हवा होता.

४ ऑगस्ट
अत्या बसने आली. कापडी पिशवीत पेटी, वर टॉवेल गुंडाळलेला. परत घे म्हणाली. मी म्हटलं, अण्णाकडून अप्पांचा आवाज मागवते, तुझ्या फोनवर घालून देते. तिने अप्पांच्या खुर्चीकडे बघितलं.
"फोनवर नक्को. सगळ्यांच्यात मी अहे का नाही, तेवढं सांग."
आहेस म्हटलं. सांबार-भात वाढला. जेवली. जाताना पेटी घेऊन गेली.

५ ऑगस्ट
सकाळी कॉलेजला जायच्या आधी केलं. अप्पांची ओळ काढली. सगळ्या घरांचे पत्ते घातले, अत्याचाही. क्रम फिरता ठेवला, दर वेळी दुसरंच घर पहिलं येईल. कायमचं पहिलं कुणीच नाही. अण्णाला सांगितलेलं नाही.
हाताला काही वाटलं नाही. एक ओळ गेली, इतकंच.

दुपारी कॉलेजातून डीएनएसला विचारून बघितलं, कोण कोण आहे. उत्तर आलं, अप्पांचाच पत्ता. घाबरले, मग आठवलं. वाटेतले सर्व्हर जुनं उत्तर मुदत संपेपर्यंत धरून ठेवतात. बाकी सगळीकडे मी मुदत थोडी ठेवते. इथं अख्खा दिवस ठेवली होती. अप्पा कुठं जाणार, म्हणून.
अत्याला फोन केला, उद्या पेटी लाव. अवाज येईल ना म्हणाली. येईल म्हटलं. येईल बहुतेक.
अण्णाचा फोन येतोय. कळलं असेल. उचलला नाही.
परत विचारलं. अजून अप्पाच.
परत विचारलं.