डॅडींनी भरवलेली पानं

९ मे १९८७, शनिवार
कबरी सजवायच्या रविवारला तीन आठवडे उरले. कबरस्तानाच्या भिंतीवर विषारी आयव्ही मातली आहे, हात लागला की फोड आणणारी वेल. चर्चच्या बाकी बाया लांबूनच नमस्कार करतात. मी सालाबादप्रमाणे उघड्या हातांनी अर्धी भिंत साफ केली. जो भिंत साफ करील त्याने गेलेल्यांची नावं वाचायची, असा आमच्याकडे रिवाज. बावीस वर्षं तो मान माझा. शेवटचं नाव आईचं.
देवाने ही वेल मला माफ केली आहे. शिवाय लहानपणी दर वसंतात डॅडी लोणी लावलेल्या ब्रेडमध्ये तिची तीन कोवळी पानं घालून भरवायचे. अंगाला सवय झाली की जन्मभर बाधत नाही, म्हणायचे. मग हातमोजे कशाला? नुसती उधळपट्टी. भावजय व्हर्लीन मोजे, गमबूट, मफलर घालून फाटकापाशीच उभी. मी म्हटलं, श्रद्धा कमी पडली की कातडी पातळ होते.

११ मे, सोमवार
बोटांच्या बेचक्यात खाज. नवा साबण भोवला. उद्यापासून जुनाच.

१३ मे, बुधवार
मनगटापर्यंत पाण्याचे फोड. साबण नव्हे, व्हर्लीनने दिलेला जॅम. बरणी परत पाठवली. डेल्मर म्हणाला, आयव्ही असेल. चौतीस वर्षं संसार करून नवऱ्याला बायको कळू नये!

१७ मे, रविवार
चर्चला लांब बाह्या, पांढरे हातमोजे (हे वेगळे, लग्नातले). पास्टरांनी हात दाबला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं प्रवचनामुळे. कशाला कुणाचा आनंद हिरावून घ्या? व्हर्लीन कानाशी आली. म्हणे, अगं ऑर्फा, त्या मोज्यांत काय वाफवत ठेवलंयस? माझ्याकडे गुलाबी लोशन आहे, देऊ? मी म्हटलं, ठेव, तुलाच लागेल.
उरलेली भिंत शनिवारी. नक्की.

२० मे, बुधवार
ओटमीलचं पोटीस, व्हिनेगर, प्रार्थना. फोड कोपरापर्यंत चढले. डेल्मरने ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. नर्स मुलीच्या वयाची. मावशी, आयव्हीच आहे, म्हणाली. मी हायस्कूल पास आहे, नीट समजावून सांग म्हटलं. तिचं म्हणणं, वेलीच्या तेलातले कण इतके बारीक की एकटे असते तर शरीराने त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नसतं. पण ते कातडीला चिकटतात, आणि मग अंगातले पहारेकरी आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात.
मग बावीस वर्षं हे पहारेकरी झोपले होते का, मी विचारलं. ती म्हणाली, चालवून घेत होते. कुणाचे कधी चालवून घ्यायचं थांबवतील, नेम नाही. आणि एकदा खूण पटली की सहसा विसरत नाहीत.
म्हणजे वेलीने काही केलंच नाही. केलं ते माझ्याच घरच्यांनी. चोपन्न वर्षं ज्यांना खाऊ-पिऊ घातलं त्यांनी.
मलम लिहून दिलंय. आणलं नाही.

२५ मे, सोमवार
शनिवारी भिंत झाली नाही. कात्रीच धरता येईना.
प्रार्थनेत उलगडा झाला. डॅडी जाऊन इतकी वर्षं झाली, पानांचा असर उतरला असणार. पहारेकऱ्यांना ओळख पुन्हा करून द्यायची, बस्स.

२६ मे, मंगळवार
भिंतीवरची तीन पानं. ब्रेड, लोणी, वरून मध. चव लहानपणीची नाही. आताची मातीच तशी उरली नाही. रविवारी नावं मीच वाचणार.

२८ मे, गुरुवार
ओठ उशीसारखे. जीभ तोंडात मावत नाही. पुन्हा ट्रक, पुन्हा तीच नर्स, इंजेक्शन. ती म्हणाली, मावशी, थोडक्यात वाचलात, श्वास कोंडला असता. मी उत्तर कागदावर लिहून दिलं. पहिल्यांदाच.

३१ मे, रविवार
उरलेली भिंत व्हर्लीनने केली, मोजे घालून. नावंही तिनेच वाचली. चुकेल म्हणून कान देऊन बसले होते. एकही चूक नाही. आईच्या नावाला तिचा आवाज कापरा झाला. आई जन्मात तिच्याशी धड बोलली नव्हती.
कबरींशेजारी जेवणं मांडली. सगळ्यांना तळलेली कोंबडी, मला बटाट्याचा लगदा. मी कागदावर लिहून थोरल्या भावाला विचारलं, होबार्ट, डॅडींची पानं तूही खायचास, तुला आयव्ही कशी अजून बाधत नाही?
तो चावायचा थांबला. म्हणाला, अगं, ती रानटी स्ट्रॉबेरीची पानं. तीही आयव्हीसारखी तीन-तीनच येतात. आयव्हीच्या भीतीने तू कुरणात यायला रडायचीस, म्हणून डॅडींनी ही युक्ती काढली. आम्हां सगळ्यांना दम दिला होता, हिला सांगाल तर खबरदार.
सगळं टेबल माझ्याकडे बघेना. म्हणजे सगळ्यांना ठाऊक. व्हर्लीनलाही. तीस वर्षं माझे टोमणे ऐकले आणि एका शब्दाने बोलली नाही.

१ जून, सोमवार
व्हर्लीन येऊन गेली. गुलाबी लोशन, आणि तिचे जुने हातमोजे, धुऊन इस्त्री केलेले. मी मान हलवली, नको. तिने पायरीवर ठेवले आणि गेली.
तिचा ट्रक वळणाआड गेल्यावर उचलले. तिचे हात माझ्या दुप्पट. सूज आहे तोवर बरोबर बसतात.