बदामाचा एक्का

४ ऑक्टोबर १९७६, रीनो

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू: अक्रोडाच्या लाकडाचा पाळणा, एकही खिळा न मारता. ब्यूटच्या तांब्याच्या खाणीतल्या पंपांचे दांडे. इल्माच्या शिवणयंत्राचं टेबल. सरावासाठी हिरव्या बनातीचं अर्धगोल टेबल, घडी करून गाडीत मावणारं. आणि आता ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात मोठे पत्ते किती उरलेत ते मोजायची पद्धत. शाळा आठवीत सुटली, पण ही पद्धत माझी मीच बसवली.

सकाळी पोचलो. हवा कोरडी आणि लख्ख. डल्सी पेरिनच्या मोटेलात आठवड्याच्या भाड्याने खोली घेतली. उशाशी इल्माचा फोटो लावला. ती जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या मागे मला एकच कोरीन, आमची मुलगी. निघताना तिने माझ्यापुढे एक गोष्ट मांडली होती, ती मी नाकारली. इथे लिहिणार नाही. मुलीच्या दयेवर जगायला मी अजून म्हातारा झालेलो नाही.

६ ऑक्टोबर

डल्सीबाई सत्तरीची आहे. रोज सकाळी नाश्ता करून कसिनोत जाते, भाजीपाल्यापुरतं जिंकते आणि परत येऊन चादरी बदलते. तिची पद्धत पोरखेळ आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक, मधले पत्ते सोडून द्यायचे. आकडा चढला की पैसे वाढवायचे, बस्स.

मी माझी पद्धत सांगितली. दुर्री, तिर्री, सत्तीला एक. चौकी, पंजी, छक्कीला दोन. नव्वीला उणे एक, दश्शीला आणि चित्रांना उणे दोन. एक्क्यांना किंमत नाही, त्यांचा हिशेब निराळा. ती हसली. म्हणे, मिस्त्री, एवढी यंत्रं लावून शंभर डॉलरमागे जास्तीचे किती सेंट काढणार तुम्ही? आणि हे सगळं ठेवता कुठे? मी म्हणालो, डोक्यात. त्यावर म्हणे, तिथे आधीपासून कोण राहत होतं, त्यांना विचारलंत का?

बायकी चेष्टा. सोडून दिली.

९ ऑक्टोबर

एक्क्यांची युक्ती लिहून ठेवतो. इथे एकाच जोडाने खेळतात, म्हणजे एक्के चार. प्रत्येकाला मी एक चेहरा दिला. इस्पिक म्हणजे बाप. किलवर म्हणजे भाऊ अर्विड. चौकट इल्मा. बदाम कोरीन. एक्का बाहेर पडला की तो चेहरा मनात पालथा घालायचा. वाटणाऱ्याने पत्ते पिसले की सगळं शून्यावर आणायचं आणि चौघांना पुन्हा उताणं करायचं. आकडा विसरतो, पण माणूस कोणी विसरत नाही.

आज जिंकलो. एकही चूक नाही.

१४ ऑक्टोबर

पुन्हा जिंकलो. घरी येताना एक क्षुल्लक गोष्ट झाली. अर्विडच्या दाढीचा रंग आठवेना. नंतर तोंडही आठवेना. दोघांनी एका गाडीत बसून तेवीस वर्षं खाण गाठली, हे ठाऊक आहे. शेजारी बसलेला माणूस दिसत नाही. त्याच्या मानेवर डोक्याच्या जागी पत्त्याची पाठ दिसते. निळी जाळी.

दमलो असेन.

१७ ऑक्टोबर

बापही गेला. पिसल्यावर उताणा झाला नाही.

डल्सीबाईला सांगितलं. या वेळी ती हसली नाही. तिचा नवरा क्लाइडही अशीच मोठी पद्धत चालवायचा, म्हणाली. शेवटी तिला बघून टोपी काढायचा आणि विचारायचा, बाईसाहेब, आपण नवीन का इथे? मिस्त्री, म्हणाली, माझा आकडा मी कसिनोच्या दारात छत्रीसारखा ठेवून येते. तुमचा तुमच्याबरोबर घरी येतो. आजच सोडा.

साधी पद्धत? मी? मी धुणीभांडी करणारी बाई नव्हे.

२१ ऑक्टोबर

तरी आज तिच्या पद्धतीने खेळून पाहिलं. आत माझी चालूच होती. थांबवता येत नाही. न्याहारीला बसलो तरी खुर्च्यांवरची माणसं वाटली जातात. अधिक दोन, उणे एक. मी काही करत नाही, आपोआप होतं.

उशाच्या फोटोत लग्नाचा झगा आहे. हातात फुलं आहेत. मानेवर निळी जाळी.

इल्मा. इल्मा. नाव येतं अजून.

२५ ऑक्टोबर

कोरीनचा फोन आला. रविवारी येते म्हणाली. तिला दिवस गेलेत. पप्पा, तुमच्या पाळण्याचा एक पाय डगमगतोय, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी, म्हणाली. आवाज ऐकताना तिचा चेहरा घट्ट धरून ठेवला. डाव्या भुवईत खोक, पाळण्यातून पडली तेव्हाची. आहे. बदाम उताणा आहे.

उद्यापासून खेळणं बंद.

२९ ऑक्टोबर

खेळलो नाही. तरी वाटप चालू. रस्त्यावर, भिंतीवर —

मला कळलंय चूक कुठे झाली. शेवटच्या खेळातून मधेच उठलो ना, जोड अर्धाच राहिला. पुरा शेवटपर्यंत खेळून नीट पिसू दिला तर चौघंही पुन्हा उताणी होतील. हिशेब कधी चुकत नाही. एकच जोड. डल्सीबाई दार अडवून उभी राहिली. म्हणाली, क्लाइडही हेच म्हणाला होता. तिला बाजूला सारलं.

३० ऑक्टोबर

बदाम शेवटच्या हाताला पडला. पालथा घातला. वाटणाऱ्याने पिसले. मी थांबलो — थांबलो —

खोक उजव्या भुवईत की

३१ ऑक्टोबर

दारात एक बाई आहे. हिरवा कोट, पोटुशी. कोटाच्या कॉलरवर निळी जाळी. मला पप्पा म्हणते. किंमत लागत नाही तिला, म्हणजे एक्का असणार — कुठला —

ती सांगते आहे. पुन्हा सांगते आहे, पूर्वी सांगितलं होतं म्हणे. तिच्या घरामागची शेड. तिथे लेथ बसवून देते. वरची खोली. जेवण एका टेबलावर. नवऱ्याच्या गॅरेजचं काम, दया नाही, पगार. चला पप्पा, म्हणते.

मी सभ्यपणे नाही म्हणालो. अनोळखी बाईकडून असं कसं घ्यायचं.

टोपी काढली मी. डल्सीबाई मागे रडते आहे, का ते —

पगार महिना तीनशे चाळीस डॉलर. शेड, लेथ, तीनशे चाळीस, आणि एका पाळण्याचा पाय —