लिलावातलं क्रिकेटचं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ

ऑनलाइन लिलावात जिंकलेलं जुनं क्रिकेटचं कार्ड आज आलं. महापुरात दादाचा सगळा संग्रह गेला, त्यातलं एक तरी परत मिळावं म्हणून घेतलेलं. पाकीट फोडलं तर ताज्या शाईचा वास. शेजारच्या छापखान्यातले मगदूम बघून म्हणाले, “काका, ह्ये आत्ताचं छापलेलं हाय की. तक्रार करा.”

केली. विकणाऱ्याचा नंबर बंद. लिलाव चालू होता तोवर रोज दिवेलागणीला फोन करायचा. “जेवलासा काय?” म्हणायचा, दादाच्या आठवणी ऐकून घ्यायचा. तेही खोटंच होतं का? शाईचा वास हाताला अजून आहे. राग यायला हवा. पण दिवे लागले तशी नजर फोनकडे गेलीच.

दादा वारल्यापासून त्याच्याबद्दल मला विचारलं ते या एकट्यानंच.