चमचा तिरपा करून पाहावा

७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, पण अप्पांचं आलं. डाव्या हाताने लिहिलेलं. अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण, मजकूर मात्र खणखणीत. त्यातलं सव्वा पान फक्त तुझ्या सकाळच्या ओट्सबद्दल आहे. ते लिहितात की बाइंडिंगची उरलेली खळ तू रोज वाटीत घालून त्यांना भरवतेस, आणि आता ते आतून पुठ्ठ्यासारखे कडक होत चाललेत. मी वाचून इतका हसलो की शेजारच्या शेगडीवरचा आचारी काय झालं म्हणून बघायला आला.

हसलो, पण वाईटही वाटलं. झटका येऊन दोन वर्षं होतील. उजवा हात गेला, बोलणं अडखळतं, चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करणारा आपला बाप खुर्चीत बसून आहे. त्याला सकाळची एक वाटी तरी चवीची मिळू नये? हॉटेलात अकरा वर्षं मी नाश्त्याच्याच शेगडीवर आहे, तेव्हा या एका बाबतीत तुला अक्कल शिकवायचा हक्क मला आहे असं समज.

ओट्सना लोक आजाऱ्याचं खाणं म्हणतात, ते करणाऱ्याच्या आळसामुळे. आधी चमचाभर लोण्यावर मंद परतायचे, बदामासारखा वास सुटेपर्यंत. मग निम्मं दूध, निम्मं पाणी, आणि मीठ सुरुवातीलाच चिमूटभर. सारखं ढवळायचं नाही, ढवळलं की चिकट होतात, आणि तुझा हात बाइंडिंगवालीचा, तो ढवळत बसणारच. उतरवून पाच मिनिटं झाकायचे. वरून सफरचंदाचे तुकडे दालचिनी घालून परतलेले, चार मनुका, अक्रोड, आणि शेवटी कडेने गार दुधाची धार. वाटी हलवली की ओट्स डुलले पाहिजेत.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहितोय. करून बघ. अप्पांना नमस्कार सांग. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
ठोंब्या


१५ मे

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी कृती वाचली. छान आहे. तुझ्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना ती लखलाभ.

आता माझी कृती वाच. अप्पांच्या घशाची उजवी बाजू झोपलेली आहे. पातळ काही दिलं तर ते जिभेवरून आधीच निसटतं आणि श्वासाच्या नळीत जातं. तुला-मला लगेच ठसका लागेल. त्यांना लागत नाही, आणि भीती आहे ती हीच. हॉस्पिटलातून गिळायचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या (अप्पा त्यांना गिळणबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावर). त्यांनी मला तीनदा बजावलं की ठसका नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. दूध छातीत उतरतं आणि चौथ्या दिवशी कळतं. सगळ्यात वाईट काय, तर पातळ दुधात चावायचे तुकडे. म्हणजे नेमकी तुझी वाटी.

म्हणून ओट्स मी पंचवीस मिनिटं शिजवते, घोटते, चाळणीतून घासून काढते. मग चमचा तिरपा करून पाहायचा. गोळा एका तुकड्यात पडला पाहिजे. ओघळला तर परत आचेवर, चिकटून बसला तर चमचाभर दूध. अप्पांना ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, घास डाव्या गालात, आणि दोन घासांमध्ये अर्धा मिनिट थांबायचं. मग तोंड उघडून पाहायचं, काही राहिलं का. एका वाटीला पाऊण तास लागतो. कधी तोंड फिरवतात, कधी थुंकतात, माझ्या अंगावर. मग साडी बदलून मी रजिस्टरं शिवायला बसते. कारखान्यातली नोकरी सोडून काम घरी आणलं ते कशासाठी, तुला ठाऊक आहे.

आणि चवीचं म्हणशील तर मी काही दगड नाही. कधी पिकलं केळं घोटून घालते, कधी शिजवलेलं सफरचंद गाळून, कधी नुसतं लोणी, मीठ आणि मिरपूड. आधी स्वतः चाखते. वाईट नसतं रे. त्यांना मात्र सगळी खळच लागते. दोन वर्षांत एकदाही बरं झालंय म्हणाले नाहीत. तुला पत्र लिहायला मात्र डावा हात चालतो.

महिनाभर ये आणि तू भरव. नाही जमणार, माहीत आहे. चार दिवस तरी ये. पण कृती तिकडेच ठेवून ये. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, एवढंच.

तब्येत सांभाळ. ओरडले तरी मनातून उतरवू नकोस.

तुझी,
ताई


२ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पत्र शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंकडे टाकायला दिलंय. ताईला सांगू नकोस.

तू येतोयस हे ऐकून बरं वाटलं. येताना तुझे ते चांगले ओट्स आण. तू ताईला लिहिलेली कृती मी वाचली. ती माझ्यापासून लपवून ठेवते, पण जागा एकच आहे तिची, पिठाच्या डब्याखाली. तीन वेळा वाचली. सफरचंद, दालचिनी, दुधाची धार. ठोंब्या, चाळीस वर्षं मी लोकांना वर नेऊन खाली आणलं, एकदाही मध्ये अडकवलं नाही. आणि आता माझाच एक घास नीट खाली जाईना, असं ही पोरगी मला रोज सांगते.

ताईने तुला घाबरवलं असेल, ती शंका मीच फेडतो. गेल्या आठवड्यात गिळणबाई येऊन गेल्या. घसा जागा झालाय म्हणाल्या, थोडं थोडं सगळं खायला हरकत नाही. ताई तेव्हा रजिस्टरं पोचवायला गेली होती. तिला सांगून उपयोग नाही, ती फक्त बाईंनी पूर्वी लिहून दिलेल्या, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाला मानते. तिला कळायच्या आत तू एकदा करून घाल, म्हणजे तीही बघेल.

ताई सगळं करते. नाही म्हणायला जागा नाही. पण मला भरवताना ती घड्याळ बघते. एक घास, की नजर घड्याळाकडे. ज्याला भरवताना माणूस घड्याळ बघतो, त्याला ते अन्न गोड लागेल कसं? मला एकदा स्वतःच्या हातात चमचा धरून, मला हवं तसं खायचंय. मग तिची खळ आहेच जन्मभर.

वाट बघतो. म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

अप्पा


२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. आज सकाळीच शेगडीवर उभा होतो, पण डोळ्यांसमोर अप्पा. आता एक कबुली देतो, आणि ती वाचून तू आधी पाणी पी.

शनिवारी तू रजिस्टरं घेऊन शाळेत गेलीस, तेव्हा मी अप्पांना माझ्या पद्धतीचे ओट्स करून घातले. सगळं साग्रसंगीत, मनुका-अक्रोडासकट. ताई, तू त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास! डाव्या हाताने स्वतः खाल्लं, पूर्ण वाटी, आणि वाटी पुसून बोट चाटलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तुटक तुटक का होईना, लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाची ती जुनी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. आणि मुख्य म्हणजे एकदाही ठसका लागला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

अकराला येते म्हणालेली तू बारा वाजवून आलीस, ते पथ्यावर पडलं. तोवर वाटी धुऊन ठेवली होती. तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीही बोललो नाही. तुझ्या मागे असं करायला नको होतं, कबूल. पण माणसाने नुसतं जगायचं, की जेवायचंही? तू त्यांना फार जपतेस, इतकं की त्यांचा जीव गुदमरतो. आता ती चाळणी जरा खुंटीला टांग.

चार शिव्या घाल, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझा,
ठोंब्या


२४ जून

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

तुझ्या हॉटेलात फोन करून निरोप ठेवलाय, पण तो तुला मिळेल याची खात्री नाही म्हणून लिहिते. अप्पांना काल दुपारपासून ताप आहे. आज सकाळी श्वास लागला. हॉस्पिटलात आणलंय. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया आहे म्हणतात. ऑक्सिजन लावलाय.

डॉक्टरांनी विचारलं, नेहमीपेक्षा वेगळं काही खायला दिलं का. मी म्हटलं, मी तर काही दिलं नाही.

मिळेल त्या गाडीने ये.

ताई


२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अप्पांना जाऊन तीन आठवडे झाले. त्या सगळ्या दिवसांत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. शेवटी दारात निरोप घेतानाही तू माझ्या बुटांकडे बघत होतीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

नाश्त्याची शेगडी मी सोडली. दुपारच्या पाळीत भाज्या चिरतो. दूध तापल्याचा वास आला की बाहेर जाऊन उभा राहतो.

सोबत अप्पांचं २ जूनचं पत्र पाठवतोय. तुला दाखवायचं नव्हतं, पण मला आता एकट्याने ते सांभाळवत नाही. वाच, आणि मग सांग मी काय करायला हवं होतं. गिळणबाई परवानगी देऊन गेल्या असं त्यांनी स्वतः लिहिलंय. मी बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला, हाच काय तो माझा गुन्हा. त्या बाई खरंच आल्या होत्या का, ते तूच सांगू शकतेस.

फार मागत नाही. माझा दोष नाही, एवढी एक ओळ तुझ्या हाताने लिहून पाठव. लोभाचं मग बघू.

ठोंब्या


६ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला हवी ती ओळ आधी लिहिते. तुझा दोष नाही. तू ठोंब्या आहेस, माझं पत्र हातात असून तू अप्पांचं खरं मानलंस, कारण ते तुला हवं तसं होतं. पण दोष नाही.

गिळणबाई आल्या नव्हत्या. मार्चनंतर त्या आल्याच नाहीत. अप्पा तुझ्याशी चक्क खोटं बोलले, आणि माझं मे महिन्यातलं पत्र टाकायच्या आधी दोन दिवस पिठाच्या डब्याखालीच होतं, ते त्यांनी काढून वाचलं असणारच, तेव्हा काय होऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं.

घड्याळ मी बघायची, खरं आहे. दोन घासांत अर्धा मिनिट सोडायचा, तो कशावर मोजणार? पहिल्या आठवड्यात त्यांना सांगितलं होतं, विसरले असतील. दोन वर्षं रोज पाऊण तास आम्ही समोरासमोर बसलो. त्यांना वाटत राहिलं की मला उठायची घाई आहे. त्यांनी विचारलं नाही, मी परत सांगितलं नाही. तुझ्या पाकिटात ते वाक्य निघालं तेव्हा मी हातातलं रजिस्टर उलटं शिवलं.

आता माझं ऐक. त्या शनिवारी मी बाराला आले असं तू लिहिलंस. मी साडेदहालाच आले होते. शाळेच्या कारकुनाने फाटकातच गठ्ठा घेतला आणि मला मोकळं केलं. भाजलेल्या ओट्सचा वास जिन्यातच आला, तेव्हाच मी समजले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून मी उभी राहिले. तुझी पाठ माझ्याकडे होती. अप्पांच्या डाव्या हातात चमचा होता, मिशीला दूध लागलेलं, मनुका चावत होते. त्यांनी मला पाहिलं आणि चमचा हवेत थांबला. चोरी सापडल्यासारखे बघत राहिले. मी एक शब्द बोलले असते, तर त्यांनी तो चमचा खाली ठेवला असता. माझं ते ऐकायचे, म्हणून तर चिडायचे. वाटी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

मी बोलले नाही. तू म्हणशील, ताईला दया आली. तीही थोडी आली असेल, खोटं कशाला बोलू. पण मनात जे आलं ते असं, की खाऊ दे. एकदा कळू दे दोघांनाही. चार दिवस ताप येईल, खोकला होईल, मग पुन्हा कुणी खळ म्हणणार नाही, आणि ताई एवढं का करते ते समजेल. त्यापलीकडे काही मनात नव्हतं, आणि तेवढं मात्र नक्की होतं. मी दार परत लोटलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. आतून नवरदेवाची गोष्ट ऐकू येत होती. तुम्ही दोघं हसत होता. दीड तास बसले.

अप्पांना वाटलं, मी परवानगी दिली. हॉस्पिटलात तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि दोनदा दाबला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आभार मानत होते माझे, त्या वाटीचे. मी हात काढून घेतला नाही. काढून घ्यायला हवा होता.

काल सकाळी तुझ्या कृतीने ओट्स केले. ढवळले नाहीत. चांगले झाले. पूर्ण वाटी खाल्ली. खाऊन झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येक घासानंतर मी घड्याळ बघत होते.

तुझी ओळ तुला दिली. तशी एक मला कुणाकडे मागायची ते कळत नाही, म्हणून मागत नाही. हे वाचून झाल्यावर लोभ उरला तर कळव. नाही उरला तर तसं कळव, पण कळव.

तुझी,
ताई