मुक्ताचं दुखणं लवकर कळलं

अहो,

एरवी तुमच्या फोटोशी बोलून भागतं. पण काल आपली मुक्ता पोटभर जेवली आणि सरळ बसून गप्पा मारत राहिली. तेव्हा वाटलं, हे तुम्हाला नीट लिहूनच कळवावं.

किती वर्षं ते दुखणं तुम्ही ॲसिडिटी म्हणून खपवलंत! जेवलात की पोटाशी उशी धरून वाकून बसायचात. "काही नाही, जरा गॅस." कळ पाठीपर्यंत जायची, हे मला का नाही सांगितलंत?

मग सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या नळीत खडे दिसले. खडकीच्या क्वार्टर्समध्ये दारूची कुजबुज सुरू झाली. शेजारच्या काकूंनी तर मला थेट विचारलं, "हे रोज घेतात का गं?" तुम्ही आतून म्हणालात, "घेतो की. ताक." मला हसू आलं, पण तुम्हाला लागलं होतं. नंतर कुणाकडे जेवायला जाणंच सोडलंत.

तरी जेवणाबरोबरच्या कॅप्सूल आणि इन्सुलिनवर पुढची वर्षं छान गेली, नाही का?

यंदा वाघोलीच्या हॉस्टेलवरून मुक्ताचा फोन आला. "आई, जेवल्यावर पोट दुखतं. वाकून बसलं की बरं वाटतं." तिला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते, पण तुमचं सगळं ऐकल्यावर त्यांनी एमआरआय आणि जनुकांची तपासणी करायला लावली.

दोष घराण्यातून आलेला निघाला. त्या म्हणाल्या, "पाचकरस आतड्यात पोचल्यावर कामाला लागायला हवा. यांच्यात तो स्वादुपिंडाच्या ग्रंथीतच कामाला लागतो आणि तिलाच पचवू लागतो. पुन्हा पुन्हा सूज येते, ग्रंथी कडक होते, मग खडे."

"म्हणजे दारूमुळे नव्हे?"

"दारूनंही होतं. पण मुक्ताच्या बाबांनी घेतलीच नसेल, तर कारण हेच."

मुक्ता परतताना रिक्षात म्हणाली, "बाबांना कुणी हे सांगायला हवं होतं गं."

मी काकूंकडे मुद्दाम जाऊन सांगून आले. त्या म्हणाल्या, "फार बोलले मी तेव्हा." चहा मात्र फक्कड केला त्यांनी!

मुक्ताची सूज अजून थोडी आहे, खडे नाहीत. औषधं चालू आहेत, दुखणं ओसरलंय. दारू-सिगारेटला आयुष्यात हात लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. "हॉस्टेलवर मीच एकटी संत," म्हणते.

शब्द देते, तिच्या प्रत्येक तपासणीला मी शेजारी बसेन. तिनं नको म्हटलं तरी.

तुमचीच,
सुमन